सोनं देणारे सम्राट भित्रे होते का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसलो. बायझंटाईन साम्राज्यावर, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल राजधानी असलेल्या पूर्व रोमन साम्राज्यावर, कुठेही बोललो की शेवटी हा प्रश्न उठतोच. कधी तो कॉलेजातला मुलगा विचारतो, कधी पहिल्या रांगेतले निवृत्त गृहस्थ. ‘म्हणजे हे रोमन सम्राट हूणांना खंडणी भरत होते? मग कसलं साम्राज्य! भित्रेच म्हणायचे की.’ विचारणाऱ्याचा विरस झालेला असतो, आणि ते साहजिक आहे. रोम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शिस्तीत चालणाऱ्या पलटणी येतात. इथे मात्र कॉन्स्टँटिनोपलहून सोन्याने भरलेल्या पिशव्या डॅन्यूब नदीकडे निघालेल्या दिसतात.

माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण ते दोन मिनिटांत देऊन टाकण्यासारखं नाही, कारण या ‘नाही’च्या पोटात काही ओंगळ गोष्टीही आहेत आणि त्या झाकून ठेवायची माझी इच्छा नाही.

आधी पैशाचा हिशेब मांडतो. ४२२ साली हूणांचा राजा रुआ याला वर्षाला ३५० पौंड सोनं द्यायचं ठरलं. रोमन पौंड म्हणजे आजचे सुमारे ३२५ ग्रॅम. तेव्हा हे झालं साधारण ११४ किलो. रुआनंतर त्याचे पुतणे ब्लेडा आणि अटिला आले आणि डॅन्यूबकाठच्या मार्गस गावाबाहेर झालेल्या तहात आकडा दुप्पट होऊन ७०० पौंडांवर गेला. ४४७ च्या भयंकर स्वारीनंतर तो २,१०० पौंड झाला, वर मागची थकबाकी म्हणून ६,००० पौंड एकरकमी. त्या काळाचा साक्षीदार प्रिस्कस लिहितो की वसुली इतकी कडक होती की सिनेटरांच्या घरातले दागिने आणि सामानसुमान बाजारात आलं.

ऐकायला हे फार वाटतं. पण आता दुसरा आकडा बघा. ४६८ मध्ये सम्राट लिओने उत्तर आफ्रिकेतल्या व्हँडल टोळीवाल्यांवर आरमार पाठवलं. इतिहासकार प्रोकोपियस त्या एका मोहिमेचा खर्च १,३०,००० पौंड सोनं सांगतो, म्हणजे हूणांच्या सर्वांत जबर खंडणीचीही बासष्ट वर्षं. ते आरमार शत्रूने आगी लावून बुडवलं आणि हाती काहीच लागलं नाही. ५१८ मध्ये अनास्तासियस सम्राट वारला तेव्हा खजिन्यात ३,२०,००० पौंड शिल्लक होते, असंही प्रोकोपियसच सांगतो. हूणांच्या सोन्याने साम्राज्य कंगाल झालं, असं या आकड्यांवरून तरी म्हणता येत नाही.

शिवाय सोन्याने वेळ मिळत होता. ४३९ मध्ये व्हँडलांनी कार्थेज घेतलं होतं, पूर्वेला इराणची सीमा होती, आणि बाल्कनमधली फौज सिसिलीच्या मोहिमेकडे वळवलेली असतानाच हूण डॅन्यूब ओलांडून आले. ४४७ च्या जानेवारीत भूकंपाने राजधानीच्या तटाचे ५७ बुरूज पाडले. लोकांनी तो तट ६० दिवसांत पुन्हा उभा केला. अटिलाने बाल्कन धुऊन काढला, पण त्या तटाच्या आत त्याला कधी पाऊल ठेवता आलं नाही. मिळालेला वेळ कशावर खर्च केला, हे न बघता नुसता दिलेला पैसा मोजला तर हिशेब अर्धवटच राहतो.

मार्गसच्या तहातला एक बारकावा मला फार बोलका वाटतो. हूणांना घोड्यावरून उतरून बोलणी करायची सवय नव्हती. तेव्हा रोमन दूतांनीही घोड्यावर बसूनच बोलणी केली. आपण जमिनीवर उभे आणि समोरचा वर बसलेला, असं चित्र दिसू नये एवढ्याचसाठी. पैसे देताना मानमरातब राखण्याची ही धडपड हास्यास्पद नव्हती. टोळ्यांच्या जगात कोण कुणापुढे उतरला, ही बातमी सोन्याच्या आकड्याआधी पसरायची. कलमंही नुसती पैशांची नव्हती. दोन्ही बाजूंच्या लोकांना सारख्याच हक्काने आणि निर्भयपणे व्यापार करता येईल असे बाजार भरावेत, हूणांच्या शत्रूंशी रोमने हातमिळवणी करू नये, आणि हूणांकडून पळून आलेल्यांना परत करावं.

या शेवटच्या कलमापाशी माझं मन अडतं. त्या तहानुसार मामा आणि अताकाम या नावाची, राजघराण्यातली दोन मुलं परत केली गेली. ती आश्रयाला आली होती. हूणांनी ताब्यात मिळताच त्यांना कार्सम या किल्ल्याजवळ क्रुसावर चढवलं. खंडणीची चर्चा करताना आपण पौंड मोजतो, ही दोन मुलं मोजत नाही. मला विचाराल तर त्या तहातली लाजिरवाणी गोष्ट हीच होती, ७०० पौंड नव्हे.

आता ४४९ सालाकडे येतो, कारण त्या वर्षीचं आपल्याला जवळजवळ जेवणाच्या पानापर्यंत ठाऊक आहे. प्रिस्कस हा थ्रेसमधल्या पॅनियम गावचा वक्तृत्वाचा शिक्षक. त्याचा स्नेही मॅक्सिमिनस याला सम्राट थिओडोसियस दुसऱ्याने अटिलाकडे दूत म्हणून पाठवलं आणि त्याच्या आग्रहावरून प्रिस्कसही सोबत गेला. बरोबर विगिलास नावाचा दुभाषी होता. आणि अटिलाचे, राजधानीहून परत निघालेले, दोन दूतही त्यांच्यासंगे होते: हूण सरदार एडेको आणि अटिलाचा रोमन चिटणीस ओरेस्टिस. (याच ओरेस्टिसचा मुलगा रोम्युलस पुढे पश्चिमेचा शेवटचा सम्राट ठरला.)

मॅक्सिमिनस आणि प्रिस्कस यांना एक गोष्ट मुळीच ठाऊक नव्हती. राजवाड्यातला सर्वांत वजनदार माणूस, क्रिसाफियस हा खोजा, याने विगिलासला मध्ये घालून एडेकोला फितवलं होतं. अटिलाचा खून करायचा, बदल्यात ऐश्वर्य. एडेकोने पहारेकऱ्यांत वाटण्यासाठी ५० पौंड सोनं मागितलं, पण आत्ता नको म्हणाला. परतल्यावर कुणी काय भेट दिली याची अटिला चौकशी करतो. सोनं नंतर विगिलासने आणावं असं ठरलं. सम्राटाची याला संमती होती. म्हणजे खरा, सरळ मनाचा दूत हा मारेकऱ्यांच्या कामाला आडोसा म्हणून पाठवला गेला होता.

सर्डिकाला, म्हणजे आजच्या सोफियाला, मुक्काम पडला. रोमनांनी स्थानिकांकडून गुरंमेंढ्या विकत घेतल्या आणि हूण मंडळींना जेवायला बोलावलं. पेले उचलले गेले. हूणांनी अटिलाचं नाव घेतलं, रोमनांनी सम्राटाचं. इतक्यात विगिलास म्हणाला की देवाची आणि माणसाची बरोबरी करणं योग्य नाही. देव म्हणजे थिओडोसियस आणि माणूस म्हणजे अटिला. हूण भडकले. रोमनांनी घाईघाईने विषय बदलला, गोड बोलून वेळ निभावून नेली, आणि जेवण झाल्यावर मॅक्सिमिनसने एडेको आणि ओरेस्टिस यांना रेशमी वस्त्रं आणि हिंदुस्थानातली रत्नं भेट दिली.

एका दुभाष्याचं एक वाक्य, आणि ते सावरायला रत्नं. तेवढ्यावर ती रात्र संपली नाही. एडेको निघून जाईपर्यंत ओरेस्टिस मागे रेंगाळला आणि मॅक्सिमिनसला म्हणाला की तुम्ही शहाणे आहात, राजवाड्यातल्यांसारखी चूक तुम्ही केली नाहीत. त्यांनी एडेकोला एकट्यालाच जेवायला बोलावून नजराणे दिले. मॅक्सिमिनसला याचा अर्थच लागला नाही. दुसऱ्या दिवशी विगिलास म्हणाला, ओरेस्टिस नोकरमाणूस, एडेको लढवय्या आणि जातीचा हूण, मग दोघांना सारखा मान कसा? कटाचं सूत हातात आलं होतं आणि प्रामाणिक माणसांना ते ओळखू आलं नाही.

पुढे नाइसस, आजचं निश. हूणांनी उद्ध्वस्त केल्यापासून गावात माणूस उरला नव्हता. चर्चच्या आवारात काही आजारी लोक तेवढे होते. नदीकाठी तळ टाकायला जागा नव्हती, कारण काठ लढाईत पडलेल्यांच्या हाडांनी भरला होता. दूत जरा वरच्या अंगाला मोकळ्या जागी उतरले. नदीपार अटिलाच्या छावणीजवळ त्यांनी एका टेकडीवर तंबू लावायला घेतले तर हूण धावत आले: राजाचे तंबू खाली असताना तुम्ही वर राहायचं नाही. तंबू हलवावे लागले.

एका रात्री वादळात तंबू उडाले तेव्हा जवळच्या गावाने त्यांना आसरा दिला. गावाची मालकीण ब्लेडाची विधवा होती, अटिलाने मारलेल्या भावाची बायको. सकाळी निघताना त्यांनी तिला भेटी दिल्या: चांदीचे तीन पेले, लाल कातडी, खजूर, सुका मेवा आणि हिंदुस्थानातली मिरी. हे वाचताना मी दर वेळी थांबतो. पुढच्या शतकात कॉसमस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांची नोंद केली, त्यात मिऱ्यांसाठी ‘माले’ म्हणजे मलबार आहे आणि ‘कल्लियाना’ही आहे. बहुतेक अभ्यासक ते आपलं कल्याण मानतात. या किनाऱ्यावरून निघालेला माल तांबडा समुद्र, अलेक्झांड्रिया, कॉन्स्टँटिनोपल असा प्रवास करत हंगेरीच्या गवताळ मैदानात एका हूण विधवेच्या हातात पडतो, आणि तिथे तो राजनीतीचा भाग होतो. प्रिस्कस स्पष्ट म्हणतो की या जिनसा हूणांकडे मिळत नाहीत म्हणून त्यांना त्यांचं अप्रूप. सोनं तर अटिलाकडे ढिगाने होतं.

अटिलाच्या गावात प्रिस्कसने जे टिपलं त्याचं मोल मी ५० पौंड सोन्याहून जास्त धरतो. लाकडी राजवाडा. ओनेगेसियस या सरदाराने दूरवरून दगड आणवून बांधून घेतलेलं स्नानगृह. ते बांधणारा सिर्मियमचा कैदी सुटका होईल या आशेवर होता, पण काम संपल्यावर त्याला तिथेच नोकर म्हणून ठेवून घेतलं. हूणांच्या वेषात ग्रीक भाषेत नमस्कार करणारा एक माणूस, मूळचा व्यापारी, हूणांकडून लढून स्वतंत्र झालेला. तो म्हणाला की रोमन राज्यात कर जीवघेणे आणि न्याय पैशाने मिळतो, इथे मी सुखी आहे. प्रिस्कसने कायद्याची बाजू मांडली तेव्हा त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. कायदे चांगले आहेत, म्हणाला, पण ते राखणारे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. शत्रूच्या गावात भेटलेल्या माणसाची ही टीका प्रिस्कसने लपवली नाही. मेजवानीत पाहुण्यांना चांदीची ताटं आणि सोन्याचांदीचे पेले, अटिलापुढे मात्र लाकडी ताट आणि लाकडी पेला. सगळे विदूषकाला हसत असताना तो मख्ख. फक्त धाकटा मुलगा एर्नाक जवळ आला तेव्हा त्याची नजर निवली.

कटाचं काय झालं? एडेकोने सगळं अटिलाला सांगून टाकलं होतं. विगिलास सोनं घेऊन परत आला तसा पकडला गेला. मुलाला मारायची धमकी मिळाल्यावर त्याने कबूल केलं. मग अटिलाने ओरेस्टिसला कॉन्स्टँटिनोपलला पाठवलं, तीच सोन्याची पिशवी गळ्यात अडकवून. क्रिसाफियसला विचार, ही ओळखतोस का? सोबतच्या एस्लास या दूताने सम्राटाला सुनवायचं होतं की थिओडोसियस कुलीन बापाचा मुलगा आणि अटिलाही कुलीन बापाचा. पण खंडणी देऊन थिओडोसियस अटिलाचा गुलाम झाला आहे, आणि गुलामाने धन्याविरुद्ध कट करणं शोभत नाही.

तेव्हा तुम्ही विचारता तो प्रश्न नवा नाही. तो आधी अटिलाने विचारला होता. रोमन दरबाराकडे त्याचं एक उत्तर तयार होतं: अटिलाला रोमन सेनापतीचा किताब दिलेला आहे आणि जे सोनं जातं ते सेनापतीच्या शिध्याचं. हा केवळ देखावा आहे हे प्रिस्कसही सांगतो आणि अटिलालाही ते कळत होतं.

पण मला या प्रसंगात दुसरंच दिसतं. खून करायला निघालेला तो सुसंस्कृत दरबार, आणि ज्याला रानटी म्हणायचं त्याने दूतांच्या अंगाला हात लावला नाही. प्रिस्कस आणि मॅक्सिमिनस सुखरूप घरी आले. पुढच्या वर्षी दरबाराने अनातोलियस आणि नोमस हे अव्वल दर्जाचे दोन अधिकारी पाठवले; त्यांनी अटिलाला शांत केलं, डॅन्यूबच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यावर त्याने पाणी सोडलं आणि बरेच कैदी खंडणीशिवाय सोडले. कटाने बिघडवलेलं बोलण्याने निस्तरलं. त्याच वर्षी थिओडोसियस घोड्यावरून पडून वारला, नवा सम्राट मार्सियनने खंडणी बंद केली, अटिला पश्चिमेकडे वळला आणि ४५३ मध्ये मेला. मार्सियनला छाती काढून ‘देत नाही’ म्हणता आलं, कारण मधल्या वर्षांत राजधानी, तट आणि खजिना शाबूत राहिले होते.

शंभर वर्षांनी जस्टिनियनच्या काळात पद्धत अधिक बेरकी झाली. काळ्या समुद्राच्या उत्तरेला कुट्रिगुर आणि उटिगुर या दोन सख्ख्या टोळ्या होत्या. ५५९ मध्ये झाबरगानच्या कुट्रिगुरांनी गोठलेली डॅन्यूब ओलांडून थेट राजधानीच्या परिसरात धडक मारली. म्हातारा बेलिसॅरियस मूठभर जुन्या सैनिकांनिशी बाहेर पडला आणि त्याने ती लाट थोपवली. मग जस्टिनियनने काट्याने काटा काढायचं ठरवलं. उटिगुरांचा प्रमुख सँडिल्ख याला त्याने कळवलं की कुट्रिगुरांचा बंदोबस्त केलास तर तुला मिळणारं सोनं चालू राहील, आणि त्यांचा वाटाही तुलाच.

सँडिल्खचं उत्तर मेनँडर या इतिहासकाराने जपून ठेवलं आहे. त्याचा मतितार्थ असा: आमच्याच भाऊबंदांचा निर्वंश करणं हे पाप होईल. त्यांची भाषा आमची, तंबू आमच्यासारखे, पेहराव आमच्यासारखा, आणि रक्तही एकच. पण तुम्ही सांगता म्हणून मी त्यांचे घोडे काढून घेतो; बसायला घोडा नसला की तुम्हाला त्रास देता येणार नाही. हा माणूस दोन आगींच्या मध्ये उभा आहे. मालकाचं मीठही मोडवत नाही आणि भावाचा गळाही कापवत नाही. शेवटी व्हायचं तेच झालं. दोन्ही टोळ्या एकमेकींशी लढून इतक्या खंगल्या की नावापुरत्या उरल्या.

जस्टिनियनच्या या डावाचं कौतुक करणारे खूप लेखक आहेत. मी त्यांच्यातला नाही. डॅन्यूब आणि डॉन यांच्यामधली मैदानं रिकामी झाली आणि त्या पोकळीत अवार ही आणखी एक भटकी टोळी घुसली.

अवारांचे पहिले दूत ५५८ मध्ये राजधानीत आले. त्यांचा म्होरक्या कांदिख. फितींनी बांधलेल्या लांब वेण्या पाठीवर सोडलेली ही माणसं बघायला गाव लोटला. सम्राटाने त्यांना सोन्याने मढवलेल्या साखळ्या, पलंग आणि रेशमी वस्त्रं दिली आणि शत्रूंवर सोडलं. जस्टिनियनचा विचार सरळ होता: अवार जिंकोत वा हरोत, फायदा आपलाच. पंचवीसच वर्षं जाऊ द्या. ५७४ च्या सुमारास अवारांना वर्षाला ८०,००० सोन्याची नाणी द्यावी लागत होती, आणि ५७९ मध्ये त्यांचा खगान, म्हणजे राजा, बायान सिर्मियम शहर कोंडण्यासाठी सावा नदीवर पूल बांधत होता. पूल रोमनांविरुद्ध नाही अशी शपथ त्याने तलवार उपसून आपल्या पद्धतीने घेतली, आणि मग बायबल मागवून ख्रिस्ती पद्धतीनेही घेतली. ५८२ मध्ये उपासमारीने सिर्मियम पडलं. त्या शहरात सापडलेल्या एका विटेवर कुणीतरी अशुद्ध ग्रीकमध्ये कोरलं आहे: प्रभो ख्रिस्ता, या शहराला वाचव, अवारांना अडव, रोमन राज्याचं आणि हे लिहिणाऱ्याचं रक्षण कर. राजनीतीची मोठी पुस्तकं वाचताना ही वीट मी शेजारी ठेवतो. दरबारात बसून ‘कुणीही हरो, फायदा आपलाच’ म्हणणं सोपं होतं. त्या डावाचे पैसे या माणसाने भरले.

त्यानंतरचा खगान की हाच, यात शिरत नाही; पण सम्राट मॉरिसकडे अवारांनी हत्ती पाहायला मागितला होता. मॉरिसने आपल्याकडचा सर्वांत देखणा हत्ती पाठवला. खगानने तो बघितला आणि परत धाडला. मग सोन्याचा पलंग मागितला, तोही घडवून पाठवल्यावर फेटाळला. मग खंडणी एक लाख नाण्यांवर नेण्याची मागणी आली. मला यात लहरीपणा दिसत नाही. सम्राट कुठपर्यंत वाकतो, ते माप घेणं चाललं होतं.

या सगळ्यात एक मोहीम मात्र अशी आहे की तिच्याबद्दल बोलताना मला खरोखर आनंद होतो. अवार ज्यांच्यापुढून पळून आले ते तुर्क मध्य आशियात मोठी सत्ता उभारत होते. त्यांच्या अमलाखालच्या सोग्दियन व्यापाऱ्यांना रेशीम विकायचं होतं. इराणने ते विकत घेतलं आणि त्यांच्याच डोळ्यांदेखत जाळलं. इराणला आपल्या बाजारात तुर्कांचा पाय नको होता. तेव्हा मानियाख हा सोग्दियन म्होरक्या कॉकेशस ओलांडून ५६८ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला आला. जस्टिन दुसऱ्याने त्याच्यासोबत झेमार्कस या किलिकियाच्या अधिकाऱ्याला उलट पाठवलं.

झेमार्कस सोग्दियाच्या हद्दीत पोचला तेव्हा काही तुर्कांनी त्याला लोखंड विकायला आणलं. त्यांच्या मांत्रिकांनी सामानाभोवती धूप फिरवला, घंटा आणि ढोल वाजवले आणि झेमार्कसला जाळावरून नेऊन शुद्ध केलं. त्याने कुरकुर केली नाही. ‘सोन्याचा डोंगर’ नावाच्या ठिकाणी खगान सिझाबूल तंबूत बसला होता, दोन चाकांच्या सोनेरी सिंहासनावर. गरज पडली तर त्याला घोडा जुंपता येत असे. पुढच्या दिवसांत एका तंबूत चार सोन्याच्या मोरांवर पेललेला पलंग दिसला. रेशमाचे पडदे तर सगळीकडे. झेमार्कसने हे आपल्या दरबाराला कळवलं, आणि भटक्यांकडे काय असतं ही राजधानीतली समजूत एका अहवालाने बदलली असणार. परतताना इराणी दबा धरून बसलेत असं कळलं, तेव्हा त्याने रेशीम लादलेले दहा हमाल एका वाटेने पुढे पाठवले, जणू तो मागून येतोच आहे, आणि स्वतः दुसऱ्या वाटेने काळ्या समुद्रावर उतरला.

इतकी सुरेख सुरुवात, आणि आठच वर्षांत तिचं काय झालं बघा. ५७६ मध्ये व्हॅलेंटिनस हा दूत तुर्कांच्या पश्चिमेकडच्या प्रमुखाकडे, तुर्कझँथसकडे गेला. मधल्या काळात रोमने अवारांशीही तह केला होता, ज्या अवारांना तुर्क आपले पळालेले गुलाम मानत. तुर्कझँथसने दहाही बोटं तोंडात घातली. तुम्हीच ना ते रोमन, दहा जिभा आणि लबाडी एकच? जशी माझ्या तोंडात आत्ता दहा बोटं, तशा तुमच्या जिभा. एकीने मला फसवता, दुसरीने माझ्या गुलामांना. तुम्ही माझ्या दूतांना कॉकेशसमधूनच फिरवून नेता, दुसरी वाट नाही म्हणता. डॅन्यूब कुठे वाहते ते मला ठाऊक नाही असं समजू नका. मग त्याने नुकत्याच वारलेल्या आपल्या बापाच्या दुखवट्यासाठी रोमन दूतांना स्वतःचे गाल कापायला लावले. व्हॅलेंटिनस आणि त्याच्या माणसांनी खंजिरांनी गाल चिरले. थोड्याच दिवसांत तुर्कांच्या फौजेने क्रिमियातलं बोस्पोरस, आजचं केर्च, घेतलं.

म्हणून तुम्हाला सांगतो: सोनं दिलं यात मला भित्रेपणा दिसत नाही. सोनं, मिरी, रेशीम, किताब, दूरवर चालून जाणारा दूत आणि नेमकं ऐकणारा दुभाषी, हे सगळं मिळून एक काम चालत होतं आणि ते कठीण काम होतं. ते फसलं ते दोन्ही डगरींवर हात ठेवल्यामुळे. समोरच्याला काही कळत नाही, हे गृहीत धरल्यामुळे. अटिलाला कट कळला होता, तुर्कझँथसला नद्या कळत होत्या. आणि जिथे शब्द पाळला गेला तिथे फळही मिळालं. ६२७ मध्ये हेराक्लियस सम्राट तिफ्लिसच्या वेशीबाहेर तुर्कांच्या झिबेलला भेटला, स्वतःचा मुकुट काढून त्याच्या डोक्यावर ठेवला आणि मेजवानीची सगळी भांडी त्याला देऊन टाकली. झिबेलने फौज दिली, आणि पुढच्या वर्षी इराणने गुडघे टेकले.

हे सगळं आपल्याला ठाऊक आहे याचं श्रेय दहाव्या शतकातल्या एका सम्राटाला जातं. प्रिस्कस आणि मेनँडर यांची मूळ पुस्तकं नाहीशी झाली. कॉन्स्टंटाईन सातव्याने जुन्या इतिहासांतून दूतांच्या भेटींचे उतारे वेगळे काढून घेतले, म्हणून ती जेवणं, ती वीज कडाडलेली रात्र, ती दहा बोटं उरली. त्याच्या काळी उत्तरेला पेचेनेग या भटक्या टोळ्या होत्या. मुलासाठी लिहिलेल्या उपदेशात तो सांगतो की त्यांचे ओलीस आणि दूत फार हावरे असतात. स्वतःसाठी मागतात, मग बायकोसाठी मागतात, मग आल्याच्या श्रमाचे वेगळे मागतात. आणि त्याच उपदेशात तो हेही सांगतो की त्यांच्याकडे दरवर्षी योग्य भेटी देऊन माणूस पाठवावा.